दाढ, चष्मा आणि दाजी

माझ्या दाढेपेक्षा मला दाजींचाच त्रास जास्त होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, माधवनगरचा. आमच्या घरचा जावई एवढाच त्यांचा हुद्दा, पण तो त्यांनी जन्मभर मिरवला. माझ्या लग्नात फेटा मनासारखा मिळाला नाही म्हणून हा गृहस्थ मांडवाबाहेर गाडीत जाऊन बसला आणि अख्खी पंगत ताटकळली. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडतो, तेही चारचौघांत दिसेल एवढंच वाकून.

दाताच्या डॉक्टरची मला लहानपणापासून भीती. साताऱ्यात दोनदा खुर्चीवरून उठून पळालो. एकदा तर चपला तिथेच राहिल्या. या खेपेला मात्र जबडा सुजला. गोळ्यांनी सूज उतरेल, पण दाढ काढली नाही तर पू घशात उतरून जिवावर बेतेल, असं आमच्या लोणंदच्या डॉक्टरांनी बजावलं. बायकोनं माझ्या बहिणीला फोन केला, तो दाजींनी घेतला. सांगलीत डोळ्याला चष्मा लावून दाढ काढतात, माणसाला कळतसुद्धा नाही, असं ते सांगत सुटले. जणू तो चष्मा यांच्याच गोठ्यात तयार झाला होता.

सांगलीच्या त्या दवाखान्यात प्लॅस्टिकची हिरवळ आणि भिंतीवर हसणारे गोरे लोक. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "अंकल, एकदम रिलॅक्स." मी तिचा अंकल नव्हतो आणि रिलॅक्सही नव्हतो. बायको आणि दाजी माझ्या मागोमाग आत आले.

तो चष्मा म्हणजे टांग्याच्या घोड्याची झापड. त्याला आधीच्या पेशंटच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. आत समुद्र, वाळूवर एक कासव, आणि कानात एक बाई मधाळ हिंदीत दीर्घ श्वास घ्यायला सांगत होती. तोंडात नळी कोंबलेली आणि म्हणे दीर्घ श्वास. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कासव दाखवून गप्प बसवायची अक्कल कुणाची असेल, याचा मी रागारागानं विचार करत होतो, तेवढ्यात हिरडीत सुई घुसली. कासव आपलं चालतच राहिलं.

मी भ्यालो. साफ भ्यालो. पाय झाडले, कुणाला तरी लाथ बसली, आणि मी उठणार इतक्यात माझी दोन्ही पावलं कुणीतरी घट्ट धरली. धरली ती सोडलीच नाहीत. अंगठ्यानं तळवे दाबणं सुरू झालं, तापात बायको दाबते तसं. मग मी समुद्राकडे बघितलंच नाही. दाढ करकरत निघाली तेव्हाही माझा सगळा जीव तळव्यांत होता.

चष्मा निघाला. बायको खोलीत नव्हती. सुई बघूनच ती बाहेर पळाली होती. समोर स्टुलावर दाजी बसले होते. माझी पावलं त्यांच्या मांडीवर, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर, पोटापाशी, माझ्या टाचेचा मळका ठसा. साध्या फेट्यावरून रुसणाऱ्या जावयानं मेव्हण्याचे पाय धरले होते आणि वर लाथही खाल्ली होती.

"व्हीआर चष्म्याचा फायदा झाला ना, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझ्या तोंडात कापूस होता.

गाडीपाशी दाजी सदरा झटकत जवळ आले. "पावनं, म्या पाय धरल्यालं तुमच्या बहिणीला सांगू नगा. घरात काय किंमत ऱ्हाणार न्हाई माझी."

माधवनगरला बहिणीनं गार दहीभात वाढला. "ह्या टायमाला पळाला न्हाईस रं? भ्या वाटलं न्हाई?"

दाजी खाली मान घालून भात कालवत राहिले.

"अक्का, त्ये मशीन लय भारी हाय," मी सुजल्या तोंडानं म्हणालो.

लोणंदला कुणी दाढ धरून आलं की मी अजून त्या डबड्याचीच तारीफ करतो. दाजी शेजारी बसलेले असले तर जरा जास्तच.