कोठारचा जुना पत्ता

आमच्या हॉस्पिटलात तिला सगळे मशीनताई म्हणायचे. पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला फटकळ. त्रेसष्ट कॉम्प्युटर तिच्या एकटीच्या जिवावर चालायचे. मी तळमजल्यावरच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ, त्यामुळे आमचा रोजचा संबंध.

रक्ताचे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर साठायचे त्याचं नाव तिनेच ठेवलं होतं, कोठार. त्याच्यावरच्या रिपोर्टच्या सेवेचं नाव, निकाल. मी एकदा विचारलं, "ताई, ही नावं कुठून सुचतात?"

"सासरी बारा वर्षं मला नावं ठेवली," ती म्हणाली, "आता मी मशीनना ठेवते."

प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एकेका ओळीच्या दोन छोट्या फाइली असायच्या. कोठार नेटवर्कमधल्या कोणत्या पत्त्यावर आहे ते एकीत, आणि निकाल तिथे कितव्या क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, मिळतो ते दुसरीत. वॉर्डातला प्रोग्राम फक्त नाव घ्यायचा; बाकी सगळं त्या दोन ओळींच्या भरवशावर. या ओळी ताई प्रत्येक मशीनपुढे बसून हाताने लिहायची आणि वहीत खूण करायची.

तिची आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा ती तीन आठवडे रजेवर गेली. त्या काळात महिला वॉर्डातल्या परिचारिकांनी गोदामातला एक पडून असलेला कॉम्प्युटर वर आणला आणि ड्रेसिंगच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला लावला. त्यात ताईने पूर्वी लिहिलेल्या ओळी होत्याच, तो लगेच चालू झाला. कुणी ताईला सांगितलं नाही. आईचे दिवस करून आलेल्या बाईला कोण काय सांगणार?

पुढे नवा सर्व्हर आला. नाव कोठारच राहणार होतं, पत्ता बदलणार होता. ताईने दोन आठवडे मागितले, प्रशासकांनी एक रविवार दिला. त्या रविवारी सकाळपासून जिने चढत-उतरत तिने त्रेसष्ट मशीनमधली ओळ बदलली. मग प्रशासकांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "साहेब, आता जुना सर्व्हर बंद करू द्या. कुठे चुकून जुना पत्ता राहिला असेल तर ते मशीन बोंब तरी मारेल."

"राहू दे महिनाभर," साहेब म्हणाले. "अडीअडचणीला असलेला बरा."

ती वही मिटून बाहेर पडली.

मंगळवारी मी एका म्हाताऱ्या बाईंचं रक्त तपासलं. आयुष्यभर मुलींना शिवणकाम शिकवलेल्या बाई, मूत्रपिंडाच्या दुखण्याने दाखल झालेल्या. शनिवारी पोटॅशियम कमी होतं म्हणून सलाइनमधून देत होते. मंगळवारी ते भलतंच, हृदय बंद पडेल इतकं वाढलं होतं. मी आकडा भरला, लाल खूण केली. पूर्वी अशा वेळी आम्ही वॉर्डात फोन करायचो. कॉम्प्युटर आल्यापासून ती सवय सुटली होती.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंगच्या खोलीतल्या मशीनवर पाहिलं. तिथे शनिवारचाच रिपोर्ट दिसत होता. सलाइन चालूच राहिलं. दुपारी चारला बाई गेल्या.

बुधवारी सकाळी ताई त्या मशीनपुढे बसली, मी मागे उभा. तिने कोठारचं नाव टाइप करून हाक दिली. उत्तर बिनतक्रार आलं, जुन्या पत्त्यावरून, जिथे शनिवारनंतर एकही रिपोर्ट साठला नव्हता. तिने वही उघडून खुणा मोजल्या.

"अरे, हा चौसष्टावा," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी जुना सर्व्हर बंद झाला. चौकशीच्या कागदावर दोन शब्द आले, 'तांत्रिक अडचण'. नातेवाइकांशी कुणी बोलायचं नाही, असा तोंडी हुकूम निघाला. मी तो पाळला. ताईने नाही.

रविवारी ती बाईंच्या मुलीच्या घरी गेली. तिनेच मला नंतर सांगितलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई वाचली असती?"

"ते मला सांगता यायचं नाही. पण डॉक्टरांना कळलं असतं."

"मग चूक कुणाची?"

"मशीन लावणं माझं काम आहे."

मुलगी उठली. दार उघडून म्हणाली, "खरं सांगितलंत, बरं केलंत. पण पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

मुलीने तक्रार केली. ताईने लेखी जबाब दिला, त्यात साहेबांचं 'राहू दे' होतं, तिची रजा होती, आणि माझं नाव मात्र कुठे नव्हतं. साहेबांनी हात वर केले. ताईला घरी बसवलं. मी जाऊन न केलेल्या फोनचं सांगू शकलो असतो. पदरात दोन मुलं आहेत, असं स्वतःला समजावलं आणि गप्प राहिलो.

आता ती बहिणीकडे राहते. कॉम्प्युटरला हात लावत नाही. महिन्यातून एकदा मी जातो. ती चहा टाकते, माझ्या मुलांची चौकशी करते. परवा मी न राहवून म्हणालो, "ताई, दोष माझाही होता."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. रागावली नाही. कप विसळता विसळता पुढे म्हणाली, "त्या बाईंना मी कधी पाहिलंच नाही रे. मुलीकडे भिंतीवर फोटो असेल. मान वर करून बघायचा धीर झाला नाही."