सूर्यफुलाची मान

फूल तोडायला कुणी हात पुढे केला, की आमचे वनस्पतिशास्त्राचे सर लांबूनच ओरडायचे, "थांबा! आधी ते कोण होतं ते विचारा!"

ग्रीक गोष्टींत प्रत्येक फूल आधी कुणीतरी माणूस असतं, असं त्यांचं म्हणणं. कुणी देखणा पोरगा, कुणी रडून रडून जीव दिलेली पोरगी. शाळेतले शिपाईमामा गुरुवारी सरस्वतीच्या फोटोला हार करायला बसले, की सर टोपलीजवळ उभे राहून एकेकाची ओळख करून देत. ज्या फुलाची गोष्ट ठाऊक नसेल त्याची तिथल्या तिथं रचत, असा माझा संशय आहे. मामा वैतागून म्हणायचे, "सर, हार करू का सुतक धरू?"

तुमच्याही शाळेत असा एखादा असेलच. आमची शाळा भवानीनगरच्या बाजूला, मी तिथं चित्रकला शिकवायचो. नव्वदनंतरची ती वर्षं. इंदापूर तालुक्यात तेव्हा सूर्यफूल उदंड असायचं, आणि सरांचं ते सगळ्यात लाडकं. एका जलपरीचं सूर्यावर प्रेम बसलं. त्यानं तिला टाकलं. नऊ दिवस ती अन्नपाण्यावाचून जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचं फूल झालं. म्हणून सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे मान फिरवतं. वीस वर्षं सरांनी हे वर्गात सांगितलं. मी तक्ताही काढून दिला होता: सकाळ, दुपार, संध्याकाळ, फुलाचं तोंड तीन दिशांना. तो रंगवताना मी एकदाही शेतात डोकावलो नव्हतो, हे कबूल करतो.

एका वर्षी सहल कळंबच्या तात्यांच्या शेतावर गेली. तात्यांनी सगळी गोष्ट शांतपणे ऐकून घेतली.

"नऊ दिवस? नवरात्र धरलं हुतं जनू पोरीनं," ते म्हणाले. "पर सर, फूल काय फिरत न्हाय. कळी फिरती. उमललं की उगवतीकडं तोंड करून ऱ्हातंय."

"तात्या, प्रेम आहे ते!"

"आसंल की. लगीन झालं की सगळ्यांच्याच माना थाऱ्यावर येत्यात."

पोरं हसली. सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी उजाडताच ते घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन त्या शेतात हजर, शेजारी कागद-पेन्सिल घेऊन मी. दर तासाला एक चित्र काढायचं ठरलं होतं. डबे बडवून राघू हाकलणाऱ्या बायकांना वाटलं, जमिनीची मोजणी आली. दुपारपर्यंत निम्मं कळंब बांधावर जमलं. माझी चित्रं सगळी एकसारखी येत होती. चौथ्यानंतर मी फक्त छत्रीची सावली बदलायला लागलो.

सूर्य मावळतीला टेकला आणि अख्ख्या शेताची त्याच्याकडे पाठ झाली. "पाठ दाखवली की हो तिनं!" सर म्हणाले. पोटच्या पोरीनं नाक कापावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुस्तकं उघडल्यावर तर आणखीच पंचाईत झाली. सूर्यफूल मुळात अमेरिकेतलं, ग्रीकांनी ते बघितलेलंच नाही. जलपरीचं फूल दुसरंच कुठलं तरी, जांभळं, बारीकसं. "कवींनी हिच्या निष्ठेवर ढीगभर कविता केल्या, चित्रकार," सर मला म्हणाले, "एकानंही संध्याकाळी शेतात जाऊन बघू नये?" मी तक्ता गुंडाळून ठेवला.

वीस वर्षांची पोरं चुकीचं घेऊन फिरतायत, हे सरांना सहन होईना. त्यांनी जुन्या हजेरीपटांवरून यादी केली आणि लूना बाहेर काढली. कंडक्टर झालेला एक विद्यार्थी त्यांनी इंदापूरच्या स्टँडवर गाठला आणि भर गाडीत समजावलं, "कोवळा देठ एका बाजूनं जास्त वाढतो, म्हणून कळी वळते. देठ निबर झाला की संपलं!" गाडीची वेळ टळून गेली, प्रवासी खवळले, पण कंडक्टरची घंटा वाजवायची छाती होईना. एका लग्नात तर मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या कानात ते पुटपुटले, "उमलल्यावर फिरत नाही, लक्षात ठेव." तो बिचारा जेवणं होईस्तोवर बावरलेला होता.

यादी संपली. एक माणूस राहिलं, आणि तिथं सरांचं पाऊल उचलेना. लग्नानंतर पहिल्यांदा ही गोष्ट त्यांनी आमच्या वहिनींना सांगितली होती. त्या गोष्टीनंच बायकोचा आपल्यावर जीव बसला, अशी त्यांची पक्की समजूत. "तीच खोटी निघाली, तर माझ्याकडं राहिलं काय?" ते म्हणाले. "चित्रकार, तुम्ही चला बरोबर."

वहिनी परसात भांडी घासत होत्या. सरांनी घसा खाकरून सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक हाय," वहिनी म्हणाल्या. "दरसाल हितं चार झाडं लावती मी. भांडी घासताना रोज बघती."

"मग बोलली का नाहीस?"

वहिनींनी घासलेला तांब्या पालथा घातला. "तुमी सांगताना लई चांगलं दिसत हुता."

पन्नाशीतला माणूस कानापर्यंत लाल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. तिथून उठून जावं असं मला वाटलं, पण चहा यायचा होता.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा सहज गेलो, तर वहिनी शेजारच्या सुनांना परसातली फुलं दाखवून तीच गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या गोष्टीत फूल दिवसभर सूर्यामागं फिरत होतं. सुना पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मावळतीचं ऊन फुलांच्या पाठीवर पडलं होतं, पण ते एकीच्याही लक्षात आलं नाही. मीही गोष्ट संपेपर्यंत ऐकत बसलो. मला सरांची फार आठवण आली.