छत्रीवाल्याचं पुढं काय झालं

रविवारी सकाळी मी पेन्सिलींना टोकं करून पिशवीत भरत होतो, तेवढ्यात तिडकेच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा फोन आला. "भावजी, आज पेन्सिली आणू नका," एवढंच म्हणाल्या. तिडके पहाटे गेला होता. आठ वर्षं दर रविवारी मी त्याच्या घरी जात होतो आणि रिकाम्या हाताने गेलो असा तो पहिलाच रविवार. त्याला आता दोन महिने झाले.

विनायक तिडके आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात शेजारी बसायचो. जपानहून एक यंत्र आलं, त्याच्या जाडजूड पुस्तिका वाचता याव्यात म्हणून कंपनीने याला जपानी शिकायला पाठवलं आणि हा पठ्ठ्या पुस्तिकांवर थांबला नाही. यंत्र बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने जाताना त्याला जुन्या कवितांची झेरॉक्स दिली. पूर्वी तिकडे चार-सहा कवी एकत्र बसायचे. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन जोडायच्या, मग पुढच्याने पुन्हा तीन... अशा छत्तीस कड्या. प्रत्येक कडीने फक्त आपल्या आधीच्या कडीचा हात धरायचा, तिच्याही मागची सोडून द्यायची. "अरे, हा सिनेमा आहे," तिडके म्हणाला आणि मला कामाला जुंपलं. त्याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. साहेबांना विचारून त्याने एक बोर्ड घरी नेला, फळी काढून काच बसवली, खाली ट्यूबलाइट लावली. त्या काचेवर ट्रेसिंग पेपर ठेवून आम्ही हलत्या चित्रांच्या सिनेमासाठी, एकेका सेकंदाला बारा-बारा चित्रं काढायचो. एक कडी पुरी झाली, की तिडके तिचा गठ्ठा पालथा घालायचा आणि म्हणायचा, "पुढं."

पहिल्या कडीत पावसात पुलावरून एक माणूस छत्री घेऊन जातो. दुसरीत त्या छत्रीचा गोल कमळाचं पान होतो. तिसरीत त्याच पानात एक बाई शिदोरी बांधते. तोवर पूल नाही, पाऊस नाही, माणूसही नाही. सहा कड्या झाल्यावर आम्ही त्या एकेक चित्र करून कॅमेऱ्यात घेतल्या आणि कॅन्टीनमध्ये टीव्हीवर दाखवल्या. आमचा फोरमन म्हणाला, "सायेब, लय भारी हाय. पण त्या छत्रीवाल्याचं पुढं काय झालं?"

"गेला," तिडके खुशीत म्हणाला.

मला मात्र ते लागून राहिलं. आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंगं केलेला मी. आमच्याकडे निघालेली प्रत्येक रेघ कुठेतरी येऊन मिळाली पाहिजे. बाराव्या कडीत मी त्या माणसाला गुपचूप गर्दीत उभा केला. तिडकेने तो बरोबर हुडकला आणि सगळा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "पुन्हा काढ. मागं वळायचं नाही." महिनाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. तो हट्टी होता, आणि त्याहून वाईट म्हणजे बहुतेक वेळा बरोबर असायचा.

पस्तिसाव्या कडीत फूल यावंच लागतं, असा त्या कवितेचा रिवाज. मूळ कवितेत चेरी होती. "चेरी मी पाहिलेली नाही. तू पाहिलीस?" असं म्हणत तिडके दोन रविवार कोरा कागद घेऊन बसला. आमची चित्रं रंगवणाऱ्या मंदाताई सटाण्याच्या, शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सर, तुमना दारमा शेवगा शे ना." तिडके उठून अंगणात गेला आणि पांढऱ्या फुलांची ओंजळ भरून घेऊन आला.

छत्तिसाव्या कडीचं पान झेरॉक्समध्ये नव्हतंच. "बरं झालं, ते आपल्यासाठी ठेवलंय," असं तो आठ वर्षं म्हणत आला. शेवटच्या भेटीत त्याला उशीला टेकून बसवलं होतं. "शेवटची तू काढ," म्हणाला. "रिवाजाप्रमाणे ती हलकी असते. रडकी करू नकोस..."

मी नेमकी तशीच केली. तो गेल्यावर घरी बसून मी कडी काढली: शेवग्याखाली छत्रीवाला परत येतो, छत्री मिटतो आणि वर पाहतो. त्याला मी तिडकेचा चष्मा दिला होता. असा निरोप तिडकेला दुसऱ्या कोणी दिला नसता, अशी माझी खात्री होती.

मी गठ्ठा घेऊन गेलो, तेव्हा वहिनींनी ट्यूब लावून चित्रं एकेक करून काचेवर पाहिली.

"भावजी, हा पहिल्या कडीतला."

"हो."

"आणि चष्मा यांचा." त्यांनी ते चित्र काचेवरून उचललं. "मलाही ते परत यायला हवेत हो. पण हे त्यांनी ठेवलं असतं का?"

आठ वर्षं चहा आणून देता देता त्यांनी सगळे नियम ऐकले होते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"शेवग्याची फुलं पडली, की मी रोज काय करते?" म्हणत त्या केरसुणी घेऊन अंगणात उतरल्या. मी खिडकीत बसून काढत राहिलो. केरसुणीचे फटकारे, बाजूला सरकणारी फुलं, मग स्वच्छ अंगण आणि त्यावर ऊन. त्यात कोणीच नव्हतं. शेवटचं चित्र झालं तसा मी गठ्ठा पालथा घातला आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.

गेल्या रविवारी सकाळीच वहिनींचा फोन आला. "भावजी, आज पेन्सिली आणा. मऊ आणा, मीही काढायला लागलेय, पण माझा हात अजून बसलेला नाही."