चिमटेमामांची नवी थीम

इतरांच्या खिशात पेन असतं तसा त्यांच्या खिशात बारीक चिमटा असतो, म्हणून ते चिमटेमामा. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे आणि परवाना कपाटामागे पडलाय. मोबाइल दुरुस्तीचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत शिरलं की मामांना पोट आत घ्यावं लागतं.

चार वर्षं झाली, मामा ब्लॉग लिहितात. जुना फोन चालता कसा ठेवायचा, एवढाच विषय. भरलेली जागा मोकळी कशी करायची, चार्जिंगच्या भोकातली धूळ कशाने काढायची, फुगलेली बॅटरी दाबून का बघायची नाही. लिहिणं समोर बसून बोलल्यासारखं. ‘फोन म्हातारा होत नाही, मालक कंटाळतो’ हे त्यांचं वाक्य पानाच्या माथ्यावर. पान म्हणाल तर पांढरं, त्यावर काळी अक्षरं, बाकी काही नाही. वाचणारे तीनेकशे. बहुतेकांच्या हातात घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी उतरलेला फोन.

मेहुणा जेवायला आला होता. मोठ्या कंपनीत कामाला, लॅपटॉप सोबत घेऊनच फिरणारा. त्याने ब्लॉग उघडला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, “ताई, दाजींचं पान बघितलंस का? दवाखान्याबाहेर सूचना लावतात ना, थेट तसं.”

बायको हसली. तिच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं, पण मामांचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

“मजकूर वाच की मग,” ते म्हणाले.

“मजकूर नंतर हो दाजी. माणूस आधी थोबाड बघतो. थीम बदला. फुकटात ढिगाने मिळतात.”

थीम म्हणजे ब्लॉगचा पोशाख. अंगातला मजकूर तोच, वरचा कपडा वेगळा. तीन संध्याकाळी मामा दुकानात मेहुण्याला खेटून बसले आणि त्याच्या लॅपटॉपवर कपडे बघत राहिले. एकीत अक्षरं मुंगीएवढी, दुसरीत मधोमध जाहिरातीची खिडकी. तिसरी आवडली तर निम्म्या गोष्टींना कुलूप, पैसे भरा मग उघडू. शेवटी तंत्रज्ञानाच्या ब्लॉगांसाठीच केलेली एक सापडली. काळीभोर, आडवी सरकणारी मोठी चित्रं, नाव धुक्यातून वर आल्यासारखं उमटायचं. नमुन्यात डोंगरमाथ्यावर लॅपटॉप उघडून बसलेला तरुण होता. त्याच्या जागी मामांनी जळालेल्या चार्जिंग पिनचा फोटो टाकला.

“आता कसं?” मेहुणा म्हणाला. “आता कुणाला वाटणार नाही, हे या खोपटातून लिहितात.”

मामांना ते कौतुक वाटलं.

मग ब्लॉगवरचे प्रश्न थांबले. रोज दोन-तीन यायचे, ते एकही येईना. मामांनी मनाची समजूत घातली, लोक बुजले असतील. नव्या सोफ्यावर पाहुणा कडेकडेने बसतो तसं. होईल सवय.

तिसऱ्या आठवड्यात पाळणाघरातल्या मावशी आल्या. तिथे बारा पोरं सांभाळतात. दुपारी पोरं जेवली, झोपली, की प्रत्येकाचा फोटो त्याच्या आईबापाला पाठवायचा, हे काम मालकीणबाईंनी विश्वासाने त्यांच्यावर सोपवलेलं. फोटोंनी फोन भरायचा. मग दर शनिवारी मावशी मामांचं पान उघडून, एकेक ओळ बोटाने धरत, जागा मोकळी करायच्या.

“मामा, माझंच काहीतरी चुकतंय बघा,” त्या दारातूनच म्हणाल्या. “तुमचं पान उघडतच नाही. नुसतं चाक फिरतं. फोन भरून बसलाय, चार दिवस फोटो गेले नाहीत. बाई म्हणाल्या, तुम्हाला जमत नसेल तर सांगा.”

मामांनी फोन घेतला. पडदा काळा झाला. मधोमध चाक फिरलं, फिरत राहिलं, आणि फोन तव्यासारखा तापला. मामांना त्याच क्षणी कळलं. ती सरकणारी चित्रं, ते धुकं या फोनला पेलवत नव्हतं. तिथून मान वर करून ‘चूक माझी’ म्हणायला किती वेळ लागतो? पण स्टुलावर मेहुणा बसला होता, पाय हलवत, ऐकत.

“मावशी,” मामा म्हणाले, “फोन म्हातारा झालाय हो.”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. “पण तुम्हीच तर लिहिलंय ना, फोन म्हातारा होत नाही म्हणून?”

“लिहायचं म्हणून लिहितो माणूस.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. फोन रुमालात गुंडाळला आणि गेल्या. जागा मोकळी करून द्यायला दोन मिनिटं पुरली असती. तेवढंही मामांनी केलं नाही, कारण केलं असतं तर फोन मावशींसमोरच धडधाकट चालला असता.

मेहुणा गेल्यावर मामांनी खालचा खण ओढला. त्यात नऊ जुने फोन होते, सुट्या भागांसाठी ठेवलेले, पण चालू. नऊच्या नऊ फोनांवर त्यांनी स्वतःचं पान उघडून बघितलं. सातांवर चाक. दोन तर बंदच पडले. जन्म या फोनांमध्ये गेला आणि थीम निवडताना यातला एकही हातात घ्यावासा वाटला नाही. दुकानात कुणी नव्हतं, तरी त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते नवी थीम शोधत बसले. या वेळी लॅपटॉप नाही. खणातला सगळ्यात मठ्ठ फोन घेतला आणि त्याच्यावर एकेक नमुना उघडत गेले. जी पटकन उघडली ती ठेवली. दिसायला सूचनाफलकच होती.

दुपारी ते पाळणाघरात गेले. मालकीणबाई दारातच भेटल्या. मामा एका दमात म्हणाले, “बाई, मावशींचा फोन चांगला आहे. बिघाड माझ्या ब्लॉगमध्ये होता. मी त्यांना खोटं सांगितलं.”

बाईंना निम्मंच कळलं. “असू दे हो. फोटोंचं काम कालपासून नव्या मुलीला दिलंय. तिचा फोन भारी आहे, आईबाप खूश आहेत. मावशींनीच सांगितलं, माझा फोन म्हातारा झालाय, तिलाच द्या.”

मावशी आतून हात पुसत आल्या. मामांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी तुटक तुटक. मावशींनी ऐकून घेतलं.

“काल सांगितलं असतंत तर?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मामांना बरं वाटलं असतं.

“मेहुणा बसला होता,” मामा म्हणाले. बोलल्यावर ते स्वतःलाच ऐकू आलं.

“हो का.”

“आता उघडतं पान. तुमच्या फोनवर दाखवू?”

“आता उघडून काय करू मामा? मला काढायला फोटोच नाहीत.”

आत कुणीतरी रडायला लागलं. मावशी वळल्या, आणि जाता जाता दार लोटून घेतलं, पोरं बाहेर येऊ नयेत म्हणून रोज घेतात तसंच. मामांना मात्र ते वेगळं वाटलं.