देवाच्या खांद्यावरचे दोन दाणे

मी लिहिलेलं पहिलं नाटक चार पानांचं होतं. त्यातली सव्वातीन पानं आजतागायत कुणी ऐकलेली नाहीत.

तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. पिंपरी पेंढारहून आळेफाट्याला यायचं आणि तिथून एसटी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे तिथे नेमकं काय करतात हे घरात कुणाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं. फॉर्म मामाने भरून दिला होता. वडील म्हणाले होते, गणपतीत तुझं नाटक बघतो, मग ठरवू कॉलेज का शेती.

नाटकातला देव मीच रचला होता. त्याच्या खांद्यावर कावड, पुढच्या बाजूला ऊन, मागच्या बाजूला पाऊस. कावड एकीकडे कलली की जग बुडालं किंवा करपलं. ऊन म्हणजे आईने चिंचेने घासलेली पितळी परात, पाऊस म्हणजे पाण्याने भरलेली कळशी. तालमीत लक्षात आलं की देव सारखा पावसाकडे कलतो, म्हणून परातीत दोन धोंडे ठेवले. देव मीच झालो, कारण एवढं ओझं घेऊन उभं राहायला दुसरं कुणी तयार होईना.

संध्याकाळी लाईट जायची, म्हणून नाटक दुपारी तीनला ठेवलं. तोंडाला, मानेला, खांद्यांना सफेदा खोबरेलात कालवून फासला आणि गळ्यात गणपतीचाच एक हार घातला. पुढच्या रांगेत वडील आणि शेजारी मामा. मामा आंबेगावच्या डोंगराकडचा. तिकडे भात पोटरीत आलेला आणि पाण्यावाचून पिवळा पडत चाललेला. आमच्याकडे बाजरीची कणसं खुडून खळ्यावर उघडी टाकलेली. त्यात सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. दोघे वर बघत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

मी कावड घेऊन आलो आणि पहिलं भाषण सुरू केलं. पाऊण पान झालं असेल. तेवढ्यात ढग गडगडला. वडील उठले आणि थेट स्टेजवर आले. मला वाटलं, आता कान धरून खाली नेणार. त्यांनी हात जोडले. मग मुठीतले बाजरीचे दोन दाणे थुंकीने ओले करून माझ्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवले.

"देवा, ऊन देणार असशील तर उजवा दे. पाऊस देणार असशील तर डावा."

आमच्याकडे कौल असाच लावतात, जो दाणा आधी पडेल तो देवाचा होकार. पण तो देवळातल्या देवाला लावतात, पोराला नाही. मी हळूच म्हणालो, "दादा, मी हाये."

"देवानं मधी बोलू नये," वडील म्हणाले.

मामाही उठून आला. "दाजी, डावा दाणा नीट चिकटवलाय तुमी. उजवा बघा कसा टेकवलाय नुसता."

"मंग पावणं, तुमी लावा."

मामाने दोन्ही दाणे काढून पुन्हा लावले. सगळा मांडव माझ्या खांद्यांकडे बघायला लागला. कौल लावल्यावर देवाने हलायचं नसतं, त्यामुळे पुढचं भाषण बंद पडलं. पडद्यामागून माझा मित्र पुढचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी त्याला कुणीतरी गप्प बस म्हणालं.

त्या सफेद्यात खोबरेल किती आहे हे फक्त मला ठाऊक होतं. दाणे आपोआप दिवाळीपर्यंत पडले नसते. उजवा खांदा जरा उडवला असता तर वडील खूश झाले असते, कॉलेज पक्कं झालं असतं, आणि बाजरी उघडीच राहिली असती. डावा उडवला असता तर ज्याने फॉर्म भरला त्याचं समाधान झालं असतं. कावड खांद्यात रुतत होती. नाक खाजत होतं. मी हललो नाही. धीर नव्हता म्हणून, दुसरं काही नाही.

बऱ्याच वेळाने वडिलांनी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्याचं काय ठरंना. चला पावणं, ताडपत्री टाकू." दोघे खळ्याकडे निघाले. त्यांच्यामागे ज्यांची ज्यांची बाजरी उघडी होती ते सगळे उठले. मांडवात बायका, लहान पोरं आणि खरा गणपती उरला.

पाऊस आला, पण जेमतेम ताडपत्री भिजण्याइतका. मामा म्हणाला, आमच्याकडे ह्याच्या दुप्पट पडला असणार.

घरी वडील रॉकेलच्या फडक्याने माझे खांदे पुसत होते. डावा दाणा त्यांना नखाने खरवडून काढावा लागला. तो बोटावर घेऊन त्यांनी विचारलं, "त्या कागदात पुढं काय व्हतं?"

मी म्हणालो, देवालाही शेवटपर्यंत जमत नाही. तो नुसता कावड धरून उभा राहतो.

मामा दारातून बघत होता.

"जा कालेजला," वडील म्हणाले. "लिहीत बी जा. देव मात्र दुसऱ्या कुणाला तरी कर. तुझा दाणाच पडत न्हाई."