बाहेर उघडणारं दार

नाटकाच्या सेटचं सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या घरात बाहेरचं एक सोडलं तर दार नव्हतं. आधी सगळ्या खोल्यांना होती. मग झोपायच्या खोलीचं एका रहस्यनाटकात गेलं, कारण खून त्याच दाराआड व्हायचा होता. भिंतीतल्या कपाटाचं दार बालनाट्यात किल्ल्याचा दरवाजा झालं आणि पुढे लाडक्या राजकन्येच्या अंगावर पडून मोडलं. स्वयंपाकघराचं दार मात्र मिस्त्रींनी फक्त तीन प्रयोगांपुरतं नेलं होतं. नाटक चौथा प्रयोग पाहणार नाही, असं लेखकासकट सगळ्यांचं मत होतं.

नाटक अकरा वर्षं चाललं आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका नवऱ्याचं घर सोडते, जाताना दार असं आपटते की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूसही जागा होतो, आणि टाळ्या पडतात. टाळ्या आपल्याला पडतात असं नटीला वाटतं. मिस्त्रींना वाटतं, दाराला. दर प्रयोगाला ते विंगेत उभे राहून सेटच्या भिंतीला पाठीमागून खांदा देतात, नाहीतर नायिका घर सोडण्याआधी घरच नायिकेला सोडेल.

"टाळ्या आपल्या दाराला," मिस्त्रीणबाई म्हणत, "आणि परतलेल्या कांद्याचा वास आपल्या गाद्यांना."

मिस्त्रीणबाई छापखान्यांसाठी मुद्रितं तपासत. हे काम त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करत, आणि घराची रचना अशी होती की न्हाणीघराकडे जायला वाट त्याच टेबलाला वळसा घालून होती. त्यामुळे दिवसभरात जो कोणी तोंड धुवायला जाई, तो जाता जाता काहीतरी विचारून जाई. सासूबाई तर जाताना एक विचारत आणि येताना दुसरं. घोड्यांच्या निगेवरच्या एका पुस्तकाचं एक पान बाईंच्या नजरेतून सुटलं, कारण नेमक्या त्या पानावर सासूबाईंनी चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं होतं. चष्मा सासूबाईंच्या नाकावर होता. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यातल्या घोड्याला पाच पाय होते. वाचकांपैकी कुणी तक्रार केली नाही, पण छापखान्याने त्यानंतर बाईंकडे मोठी पुस्तकं पाठवणं बंद केलं आणि औषधांच्या खोक्यांतली चिठोरी पाठवायला सुरुवात केली.

म्हणून जुनी जागा विकून नव्या इमारतीत घर घ्यायचं ठरलं तेव्हा बाईंनी एकच अट घातली.

"मला दार पाहिजे."

"अगं, नव्या घराला दारं असतातच."

"ती तुम्ही राहायला येण्याआधी असतात."

इमारत जवळजवळ तयार होती. दोनच प्रकारची घरं शिल्लक होती, आणि त्यांचे नकाशे घेऊन विक्रीवाला टाय घालून बसला होता. त्याचा आवडता शब्द 'सुटसुटीत' होता. पहिल्या घरात मोठा थोरला हॉल होता आणि स्वयंपाकघर त्याच हॉलच्या एका कोपऱ्यात, मध्ये भिंत नाही. हे सुटसुटीत. दुसऱ्या घरात बाहेरच्या दारापासून हॉलपर्यंत लांबलचक बोळ, बोळाच्या कडेला बंद स्वयंपाकघर, आणि टोकाला बेताचा हॉल. हेही सुटसुटीत, पण म्हणताना त्याचा आवाज जरा खाली येई.

"बोळाची जागा तशी वायाच जाते," तो म्हणाला. "हल्ली लोक मोकळंढाकळं घेतात."

मिस्त्रींचा जीव पहिल्या घरावर जडला. एवढा रुंद हॉल म्हणजे रंगमंचच. नकाशात त्या हॉलमध्ये सोफा, जेवणाचं टेबल, कुंड्या आणि शिवाय नाचायला जागा दाखवली होती. नकाशातला सोफा ज्या मापाचा होता त्यावर फार तर मांजर बसलं असतं, हे मिस्त्रींना दिसत होतं; पण प्रेमात पडलेल्या माणसाला मापं दिसूनही दिसत नाहीत.

आईचं मत विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घरात कोण आलं, कोण गेलं, हे मला खुर्चीतून उठल्याशिवाय दिसलं पाहिजे. बाकी तुम्ही काय घालायचा तो गोंधळ घाला."

नमुन्याचं म्हणून सजवून ठेवलेलं घर फक्त पहिल्या प्रकारचं होतं. दुसऱ्या प्रकारचं वर सातव्या मजल्यावर होतं, आणि लिफ्ट अजून खोक्यात होती. आईला सात मजले चढवणं शक्य नव्हतं आणि आईने न पाहिलेलं घर घेणं त्याहून अशक्य होतं. तेव्हा मिस्त्रींनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. नाट्यगृहाच्या सुट्टीच्या दिवशी तालमीच्या हॉलची किल्ली मागून आणली आणि दोन्ही घरं शेजारी शेजारी, खऱ्या मापात, खडूने जमिनीवर काढली. भिंतींना दुहेरी रेघा, खिडक्यांना तुटक. दारांसाठी सुतळीच्या टोकाला खडू बांधून एकेक पाव वर्तुळ मारलं की दार उघडल्यावर कुठवर येईल ते कळतं. ही पाव वर्तुळं मिस्त्री न बघता काढतात, जसा आपण शर्टाची बटणं लावतो. मग बायको-आईला बोलावलं आणि म्हणाले, "राहून बघा."

आधी पहिलं घर. आई खुर्ची घेऊन हॉलमध्ये बसली. वाटेतल्या भिंतींतून ती सरळ चालत गेली; या वयात वळसे कोण घालणार. बसल्यावर मान वळवून म्हणाली, "बाहेरचं दार कुठाय?"

"त्या कोपऱ्याच्या पलीकडे. चपलांच्या कपाटाआड."

"म्हणजे चोर आला तर मला आधी चपलाच दिसणार."

 मिस्त्री पाहुण्यांचा सोफा कुठे मांडावा ते बघत होते, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की न्हाणीघराचं दार बरोब्बर सोफ्यासमोर उघडतं. पाहुण्यांच्या देखत माणूस आत जाणार आणि पाहुण्यांच्या देखत बाहेर येणार. रंगभूमीवर याला एंट्री म्हणतात. घरात याला काय म्हणतात ते आईने सांगितलं.

मिस्त्रीणबाई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या होत्या.

"इथे मी कुठे आहे?"

"हॉलमध्ये," मिस्त्री म्हणाले.

त्या ओट्यापाशी सरकल्या. "आणि इथे?"

"तसं बघितलं तर तेही हॉलमध्येच."

"आणि मुद्रितं तपासायला बसले की?"

मिस्त्रींनी खडू खिशात ठेवला. "चला, दुसरं बघू."

दुसऱ्या घरात आईची खुर्ची हॉलच्या तोंडाशी मांडली, तर समोर सगळा बोळ आणि बोळाच्या शेवटी बाहेरचं दार, बंदुकीच्या नळीतून दिसावं तसं. आई म्हातारपणी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर समाधान पावली आणि पदर सावरून आता कोण येतंय याची वाट पाहू लागली.

बाई बोळातून चालत आल्या. स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबल्या. त्यांनी हवेतली मूठ धरली, हवेतलं दार उघडलं, आत गेल्या, दार ओढून घेतलं आणि कडी लावली. खिडकीच्या तुटक रेघेजवळ एक खोकं पालथं घालून त्यावर बसल्या, पिशवीतून कागद काढले आणि खोकल्याच्या औषधाचं चिठोरं वाचू लागल्या.

मिस्त्रींनी चारदोन मिनिटं जाऊ दिली. मग म्हणाले, "ओटा पुरेसा वाटतोय का?"

बाई वाचत राहिल्या.

"अगं, ओटा."

दोघांच्या मध्ये चार हात जमीन आणि खडूची एक रेघ, एवढंच होतं. तरीही बाईंनी वर पाहिलं नाही. मिस्त्री रेघेपाशी आले. पाय उचलला, आणि तो तसाच परत मागे ठेवला. मग खाली वाकून त्यांनी हातोडीच्या दांड्याने जमिनीवर टकटक केलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी."

"काय काम आहे?"

मिस्त्रींनी विचार केला. काम तसं काही नव्हतं. इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात जाताना त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारल्यावर कळलं की उत्तर बहुतेक वेळा हेच आलं असतं.

"काही नाही," ते म्हणाले. "हेच घेऊ."

किल्ल्या मिळाल्या तेव्हा लिफ्ट खोक्यातून बाहेर आली होती. विक्रीवाला टायसकट वर आला. आईला हॉलच्या तोंडाशी बसवलं, तिने बोळ तपासला, बोळ जागेवर होता. मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरात गेल्या. जुनं टेबल आदल्या दिवशीच आणून खिडकीखाली ठेवलं होतं, कारण त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात टेबल मावेल असा तेवढाच कोपरा होता. त्यांनी दार लावायला हात घातला. दार टेबलाला अडलं. टेबल सरकवलं तर ओट्याला अडलं. टेबल बाहेर काढलं तेव्हा दार ऐटीत बंद झालं.

दार आत उघडत होतं.

विक्रीवाल्याने नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. दाराचं बारीकसं पाव वर्तुळ स्वयंपाकघराच्या आतच काढलेलं होतं. ते मिस्त्रींनीही पाहिलं होतं. पण रंगमंचावरची सगळी दारं बाहेर, विंगेकडे उघडतात; आत उघडली तर येणारा नट त्यांच्याआड झाकला जातो आणि त्याचं मानधन फुकट जातं. आयुष्यभर मिस्त्रींच्या हाताने पाव वर्तुळ बाहेरच मारलं होतं. डोळ्यांनी नकाशा नीट वाचला होता. हाताने डोळ्यांना विचारलं नाही.

"दार नाहीतर टेबल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि मिस्त्रींना तेच जड गेलं.

"पडदा लाव," आईने खुर्चीतून सुचवलं.

"पडद्याला कडी लागते का, आई?"

"दार काढूनच टाका ना," विक्रीवाला म्हणाला. "एकदम सुटसुटीत होईल."

बाईंनी त्याच्याकडे पाच पायांच्या घोड्याकडे बघावं तसं बघितलं. तो लिफ्ट चालते का ते पाहायला गेला.

त्या आठवड्यात मिस्त्रींनी ती चौकट पुन्हा पुन्हा मोजली. दार उलटं फिरवायचं तर चौकटच बदलायला हवी होती, आणि बाहेर उघडणाऱ्या दाराची, बाईंच्या स्वयंपाकघराच्या मापाची, मजबूत चौकट त्यांना जगात एकच ठाऊक होती. ती त्यांनीच बनवली होती, आणि तिच्यात त्यांच्याच घरचं दार अकरा वर्षं आपटत होतं.

प्रयोगाच्या आदल्या दुपारी हातगाडीवरून नव्या घराचं गुळगुळीत दार नाट्यगृहात गेलं आणि येताना जुनं दार चौकटीसकट घरी आलं. नव्या दाराला मिस्त्रींनी जुन्यासारखाच रंग दिला होता. दिसायला फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी नायिकेने दुसऱ्या अंकाच्या शेवटी ते जीव खाऊन आपटलं, तर ते आतून पोकळ निघालं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर चापट मारावी तसा आवाज झाला. शेवटच्या रांगेतला माणूस झोपूनच राहिला. नायिका घर सोडून गेली की नुसती भाजीला गेली, हे लोकांना कळेना.

मॅनेजर मध्यंतरात विंगेत आला. "मिस्त्री, जुनं दार कुठाय?"

"घरी."

"उद्या आणा."

मिस्त्रींनी या मॅनेजरला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याच्यासाठी घरचा पंखा, आरसा आणि एकदा आईची खुर्ची आईसकट आणायची तयारी दाखवली होती.

"नाही आणणार," मिस्त्री म्हणाले. "ते बायकोचं दार आहे."

"अहो, नाटक पडेल."

"नाटक तीन प्रयोगांचंच होतं."

 अकरा वर्षं जुन्या सुताराला काढून टाकणं सोपं नसतं. त्याच्याशिवाय सेट कसा उभा राहतो हे कुणालाच माहीत नसतं. शेवटी तोड मिस्त्रींनीच काढली. हल्ली नायिका पोकळ दार ओढते, त्याच क्षणी मिस्त्री विंगेत एक सागवानी फळी जमिनीवर आपटतात, आणि टाळ्या पडतात. नटीला अजूनही वाटतं, आपल्याला.

घरी जुनं दार नव्या भिंतीत बसलं; जुनी बाजू आत राहावी म्हणून मिस्त्रींनी ते चौकटीत उलटं करून लावलं. त्याची बोळाकडची बाजू प्रेक्षकांसाठी रंगवलेली, तांबूस, कोरीव नक्षीचा भास देणारी. आतली बाजू मात्र पूर्वीचीच, फिकट हिरवी, एप्रनच्या खिळ्यासकट. बाईंनी एप्रन खिळ्याला अडकवला, टेबल खिडकीखाली ओढलं आणि दार उघडं टाकून सामान लावायला घेतलं.

तेवढ्यात हॉलमधून आईचा आवाज आला.

"काय गं, अंधार कसला केलात?"

मिस्त्री धावत गेले. दार आता बोळात उघडत होतं, आणि उघडं राहिलं की बोळ अर्ध्यावरच संपत होता. आईच्या खुर्चीतून बाहेरचं दार दिसायच्या ऐवजी हिरवी फळी आणि एप्रन दिसत होता.  मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सूनबाई, ते दार लाव बघू. मला कोण येतं-जातं दिसत नाही."

"लावते, आई," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराची राखण आई करते. कुणी ते जरा उघडं ठेवलं की आवाज येतो, आणि स्वतः आईसुद्धा चष्मा शोधायला आत जात नाही, कारण तिला जाताना दार उघडावं लागेल आणि तेवढ्या वेळात कोणी आलं तर. छापखान्याने परवा जाडजूड पुस्तक पाठवलं आहे, उंटांच्या निगेवरचं.

ते आलं त्या दिवशी मिस्त्री प्रयोगाहून परतले आणि चहा मागायला बोळात शिरले. आयुष्यभर दाराच्या मागच्या बाजूला खांदा दिलेला माणूस रंगवलेल्या बाजूसमोर उभा राहिला. मागून आईची नजर होती. त्यांनी बोटाने टकटक केलं.

"कोण आहे?"

"मी."

"काय काम आहे?"

"चहा."

आत पान उलटल्याचा आवाज झाला.

"उंटाचे पाय मोजून होऊ द्या," बाई म्हणाल्या. "मग उघडते."