दगडावरचा ईश्वरदास

नागपुरात धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ईश्वरदास हेडाऊ वीस वर्षं स्टुलावर बसून माणसं वरखाली करत आला. कामात कधी खाडा नाही, कुणाशी वाकडा शब्द नाही. फक्त कुणी नावानं हाक मारली, की तो क्षणभर थांबून मग ओ द्यायचा. नर्सा म्हणायच्या, भाऊंना कमी ऐकू येतं. पण कान ठणठणीत होते.

घराणं विणकरांचं. माग बंद पडल्यावर तो बांधकामावर सळाखी बांधायला शिकला, आणि एका ठेकेदारानं त्याला अंदमानात नेलं. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं जायचं एक लहानसं बेट. तिथं धक्का बांधायचं काम होतं. तिथंच त्याला रुपराव भेटला. तुमसरच्या पुढच्या एका खेड्यातला, आपल्या हिमतीवर आलेला, ठेकेदाराचा नाव-फोटोचा पास नसलेला, मिळेल ते काम करणारा. दहा भाषांच्या त्या गलक्यात ‘मले-तुले’ बोलणारे दोघंच. आठवड्यात एका ताटात जेवू लागले.

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात घरून फोन आला. पाच वर्षांच्या भारतीचा ताप उतरत नव्हता, तिला भरती केलं होतं. मुदतीआधी गेलास तर नाव कापीन, असं ठेकेदारानं बजावलं.

रुपराव म्हणाला, “तू जाय गा. तुह्या पासवर मी काम करतो. हजेरीले तुहं नाव पुकारलं का मी ‘हव’ म्हणीन.”

पासावरचा फोटो सिमेंटच्या हातांनी पार पुसला गेला होता. ईश्वरदासनं पास दिला आणि बोट पकडली. भारती बरी झाली. जानेवारीत परत जायचं ठरलं होतं. सव्वीस डिसेंबरच्या सकाळी समुद्र उठला.

फेब्रुवारीत बायकोच्या, अनुसयेच्या नावानं पत्र आलं. तुमचे पती ईश्वरदास लाटेत मरण पावले. पोस्टमनच्या हातून ते ईश्वरदासनंच घेतलं होतं. अनुसयेनं वाचलं आणि दार लावून घेतलं.

“तुमी जिवंत आहा ना? मंग झालं. तोंड उघडसान तं पोलीस येतीन.”

त्यानं तोंड उघडलं नाही. रुपरावचं गाव त्याला ठाऊक होतं. नागपूरहून तुमसर काही दूर नाही. एका दिवसात जाऊन येता आलं असतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष गेलं. मग वर्षभर गेलो नाही, आता काय तोंड दाखवू, असं झालं. पुढं पुढं तुमसरच्या बसची पाटी दिसली तरी तो फलाट बदलायचा.

अनुसया गेली. भारती पोस्टात लागली. पहिली लांब सुट्टी मिळाली तशी तिनं तिकिटंच काढून आणली. “बाबा, तुमी काम केलं ते बेट दाखवा मले.” त्यानं दोनदा नाही म्हटलं. का, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

बेटावर एकच सडक, समुद्राला लागून. भाड्याच्या जीपवाल्यानं एका वळणावर गाडी थांबवली. माडांखाली कमरेएवढा पांढरा चौथरा, त्यावर समुद्राकडं पाठ केलेला काळा दगड. दगडावर मेलेल्यांची नावं. ईश्वरदास जीपमधून उतरायलाच तयार नव्हता. भारती पुढं गेली, बोटानं नावं वाचत खाली आली आणि हसली.

“बाबा, हे पाहा! ईश्वरदास हेडाऊ, नागपूर! तुमच्याच नावाचा कोणीतरी होता.” तिनं मोबाईल काढला.

“फोटो नोको काढू वं,” तो ओरडला. आवाज इतका फाटला, की ती दचकून वळली.

त्या नावाखाली जास्वंदीची ताजी फुलं होती. बाकी कुठल्याच नावाखाली नव्हती.

पलीकडं शहाळी विकणारी एक बाई होती, पुष्पलता तिचं नाव. ते ओरडणं, ती बोली ऐकून ती कोयता हातात तसाच धरून जवळ आली. ईश्वरदासचा चेहरा निरखत तिनं विचारलं,

“नागपूर के हो?”

त्यानं मान हलवली.

“जिसकी बच्ची को बुखार था, वही?” तिची नजर भारतीवर गेली. “यही बच्ची?”

भारती बापाकडं वळली. ईश्वरदासनं पुन्हा मान हलवली.

मग तिनं सांगितलं. रुपराव तिच्याशी लग्न करणार होता. त्या सकाळी तो कामावर होता. प्रेताच्या खिशात पास सापडला, आणि जे पासावर होतं तेच नाव दगडावर गेलं. हा रुपराव आहे, असं तिनं सगळ्यांना सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. मग ती त्याच नावाला फुलं वाहू लागली. कुठंतरी तर वाहायची होती.

“उसकी माँ को मैंने चिट्ठी लिखी थी,” ती म्हणाली. “जवाब आया, मरनेवालों की लिस्ट मँगवाके देखी, मेरे बेटे का नाम नहीं है. मेरा बेटा जिंदा है, एक दिन आएगा.” मग तिनं विचारलं, “आपने उनको कुछ नहीं बताया?”

“नहीं.”

ती वळली. परत जाऊन गिऱ्हाईकाचं शहाळं सोलू लागली.

परतीच्या बोटीवर ईश्वरदासनं लेकीला सगळं सांगितलं. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत ती समुद्राकडं तोंड करून उभी होती. मग म्हणाली, “तुमसरले कवा जाचं?”

नागपुरात पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दोघं त्या खेड्यात गेले. रुपरावचं घर विचारताच एका म्हाताऱ्यानं त्यांना आंगणापर्यंत आणून सोडलं. माय तीन वर्षांपूर्वी वारली होती. भाऊ होता, मधुसूदन. तो म्हणाला, शेवटपर्यंत मायनं राशन कार्डावरून रुपरावचं नाव कापू दिलं नाही. दारावरनं कोणी अनोळखी माणूस गेला का उठून बसे.

ईश्वरदासनं उभ्यानंच सांगितलं. पास, ताप, लाट, पत्र. काही लपवलं नाही, की स्वतःची बाजू सावरली नाही.

मधुसूदननं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “नागपूरवरून इथं याले तुमाले वीस वर्सं लागले का गा?”



मधुसूदनची बायको आत गेली. तिनं पेटती चूल पाणी टाकून विझवली. मधुसूदन उठला, आंगणातल्या हातपंपाखाली बादली भरली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर ओतून घेतली. आपलं माणूस गेल्याची खबर आली की घेतात, ती अंघोळ. त्यानं एकदाही हुंदका दिला नाही. फक्त पाणी गळत असताना डोळे उघडेच ठेवले.

मग त्यानं बादली पुन्हा भरली, ईश्वरदासच्या पायाशी आणून ठेवली आणि घरात गेला.

भारती पायरीवर बसून होती. ईश्वरदासनं चपला काढल्या, वाकून बादली उचलली. पाणी थंड होतं. ते अंगावरून ओघळत असताना त्याला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्यानं रडू आलं.